मागच्या सीटवरचे काका

बेळगावच्या अलीकडे, जांबोटीच्या त्या हॉटेलात तीन चहा आले. दोन कपबशीतून, पोऱ्यानं थेट गाडीच्या खिडकीपर्यंत आणून दिले, एक काकांना, एक काकीला. तिसरा माझा, जाड काचेच्या ग्लासात, बाहेरच्या बाकड्यावर. "ड्रायव्हर, तुमचा इथं ठेवलाय," एवढं बोलून हॉटेलवाला आत निघून पण गेला. आता त्याचं काही चुकलं नव्हतं. माझे हात कोपरापर्यंत काळे, शर्टावर हिरव्या कूलंटचा ओघळ, केसात घाटातली धूळ, आणि मागच्या सीटवर पांढराशुभ्र शर्ट घालून बसलेले सत्तरीचे गृहस्थ, पुढं लांबलचक निळं बॉनेट आणि त्याच्या टोकावर तो तारा. कुणीही तेच समजलं असतं. चहा चांगला होता, आलं ठेचून घातलेला, आणि ग्लासात कपापेक्षा जास्तच मावतो, म्हणजे हिशोबानं बघितलं तर फायदा माझाच झाला. पण काका खिडकीतून सगळं बघत होते, ऐकत होते, आणि त्यांनी "अहो, तो ड्रायव्हर नव्हे, पुतण्या माझा, बँकेत असतो" असं काही म्हटलं नाही. बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायले. वर पैसे पण त्यांनीच दिले, खिडकीतूनच.

वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. तरी वाटलं.

गाडी म्हणजे मर्सिडीज ई २५० डिझेल, १९९६ ची. गाड्यांचं वेड असलेली मंडळी तिला डब्ल्यू १२४ म्हणतात, आमच्याकडे ती नुसती "गाडी", आणि माझी स्विफ्ट म्हणजे "ती बारकी". हिची गंमत अशी की ही जन्मापासूनच जुनी. तिकडे युरोपात १९९५ मध्ये हे चौकोनी मॉडेल जाऊन गोल दिव्यांची नवीन ई-क्लास आली, आणि त्याच वर्षी आपल्याकडे पिंपरीत टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, आवारात हीच चौकोनी गाडी जोडायला सुरुवात झाली. पैसेवाल्यांना हे कळत होतं, त्यामुळे पहिल्या मालकांनी त्या लवकरच काढल्या. काकांनी घेतली ती सेकंडहँड, गोव्यात लोखंडाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा. तो काळ ज्यांनी उसगाव-तिस्क भागात बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. चीनला तेव्हा हलक्या प्रतीचं खनिज पण चालायचं, आधी टाकून दिलेले डंप परत उपसले जात होते, टिपरांची रांग सकाळी लागायची ती रात्रीपर्यंत, आणि ज्याच्याकडे ४ टिपर तो अचानक शेठ. काका स्वतः टिपर चालवत चालवत मालक झालेले. नवीन अल्टोच्या किमतीत मर्सिडीज मिळते हे कुणीतरी त्यांना सांगितलं आणि ते मुंबईला जाऊन घेऊनच आले. किंमत अल्टोची होती हे खरंच, पण पार्ट विचारायला गेलं की पार्ट मर्सिडीजचाच असतो, ही गोष्ट विकणाऱ्यानं सांगितली नव्हती. गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते, तिचा खर्च काही उतरत नाही.

मग २०१२ चा सप्टेंबर आला, खाणी बंद झाल्या. टिपर दारात उभे राहिले, टायर बसले, पावसात हौद्याला गंज चढला, आणि शेवटी बँकवाले येऊन एकेक घेऊन गेले. मी तेव्हा बँकेत नुकताच लागलो होतो, सुदैवानं दुसऱ्या बँकेत. मर्सिडीजवर कर्ज नव्हतं म्हणून ती राहिली. काका अजून म्हणतात, "माझ्या घरातली एकच वस्तू बँकेनं बघितली नाही." खरं तर बघितली असणार, पण घेऊन करायचं काय हा प्रश्न त्यांनाही पडला असेल. तेव्हापासून ती मांगरात, म्हणजे आमच्या सामानाच्या छपरात असते, एका बाजूला नारळ आणि सोललेली सोडणं, दुसऱ्या बाजूला ही. आठवड्यातून एकदा काका ती चालू करतात, फर्मागुडीपर्यंत जातात, परत येतात. म्हणजे जायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबवत नाही. आणि या गाडीत पायाशी ३ नव्हे, ४ पेडल आहेत, हँडब्रेक पण पायानंच मारायचा आणि डॅशबोर्डखालचं हँडल ओढून सोडायचा, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या माणसानं जिथं अजिबात बसू नये अशी ती जागा. तेव्हापासून काका मागं, डाव्या बाजूला बसतात. आणि मी पुढं.

पुण्याला चुलतबहिणीनं फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला सगळ्यांनी यायचं ठरलं. मी म्हटलं, माझ्या गाडीतून जाऊ, एसी चांगला आहे, काही झालं तर रस्त्यात कुणीही दुरुस्त करतो. काकीनं लगेच मान हलवली. काका पेपर वाचत होते, पेपर खाली न घेताच म्हणाले, "गाडी नेऊया. तिचं माहेर आहे ते." झालं. त्यानंतर आठवडाभर मांगरात वर्दळ. फोंड्याचा इलेक्ट्रिशियन येऊन गेला, टायरवाला येऊन गेला, सीटवाला पण आला कारण ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसली होती. त्यानं सीट उसवली तर आत काथ्या. खरंच, रबर लावून दाबलेला काथ्या, आपल्या पायपुसण्यात असतो तसला. काकी हात पदराला पुसत बघायला आली आणि म्हणाली, "म्हणजे आत नारळच आहे, मग एवढे पैसे कसले?" सीटवाल्यानं काका बघत नाहीत असं बघून हसून घेतलं.

आम्ही निघालो ते पहाटे, मे महिन्यात, उजाडायच्या आत. चावी अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवर पिवळी वेटोळ्याची खूण पेटते, ती विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर. ५ सिलिंडरचं डिझेल, त्याचा आवाज ४ सिलिंडरसारखा एकसारखा नसतो, त्यात एक लंगडा ठेका असतो, गाडी उभी असली की तो पायाखाली जाणवत राहतो आणि चालायला लागली की विसरायला होतं. दार लावलं की मागून कुठून तरी हवा ओढल्याचा आवाज येतो आणि बाकीच्या दारांच्या खुंट्या एकेक करून खाली बसतात, हे सेंट्रल लॉक वायरवर नाही, हवेच्या नळ्यांवर चालतं, आणि त्या नळ्या तिशीला आलेल्या. त्यामुळे ३ दारं बसतात, चौथं विचार करतं. चौथं दार काकीचं. काकीनं त्यावर स्वतःचा उपाय काढलाय, ती खुंटी आतून अंगठ्यानं दाबते आणि दर वेळी म्हणते, "हं, मर्सिडीज."

उसगावहून होंड्याच्या रस्त्याला लागलं की अजून झाडांच्या पानांवर लाल थर दिसल्यासारखा वाटतो, खरं तर पावसानं तो कधीच धुऊन गेलाय, माझ्याच डोळ्यात राहिलाय. लहानपणी या रस्त्यानं मोटरसायकलवरून जाताना तोंडाला रुमाल बांधायचो, घरी आल्यावर रुमालावर नाकाच्या जागी २ लाल ठिपके. आरशात बघितलं तर काका खिडकीतून बाहेर बघत होते. एका वळणावर, जिथं पूर्वी टिपर वजनाला उभे राहायचे, त्यांचा उजवा पाय पुढं सरकला आणि मॅटवर दाबला गेला. मग माझ्या लक्षात आलं की हे प्रत्येक वळणावर चाललंय. मी ब्रेक मारायच्या जरा आधीच त्यांचा पाय मॅटवर दाबलेला असतो. मागच्या सीटवर बसून ते सबंध रस्ता गाडी चालवत होते.

साखळी, मग केरी. अंजुणे धरणाचं पाणी उतरून काठाची लाल माती उघडी पडलेली, काजूचा हंगाम संपत आलेला तरी कुठल्यातरी भट्टीचा तो गोडसर आंबूस वास काचेतून आत येत होता. चोर्ला घाटाचा चढ सुरू झाला तसा समोरून भाजीचे पिकअप उतरायला लागले, गोव्याची अर्धी भाजी रोज पहाटे याच घाटानं बेळगावहून उतरते, आणि हे लोक वळणावर हॉर्न देत नाहीत, दिवे मारतात. गाडी तिसऱ्यात मजेत चढत होती. एसी चालू. मला वाटायला लागलं होतं की उगाच घाबरलो. आणि अशा वेळी मागून काकांचा आवाज आला, "काटो पळय."

तापमानाचा काटा एरवी ८० च्या जरा वर असतो. तो १०० च्या पुढं होता, आणि सरकत होता.

"राव, राव, बाजूक घे." म्हणजे थांब, बाजूला घे. काका एरवी माझ्याशी मराठीत बोलतात, माझी आई सावंतवाडीची, आमच्या घरात मराठीच. पण गाडीला काही झालं की ते कोकणीवर येतात. मी दरीच्या उलट बाजूला, जिथं जरा सपाट होतं तिथं घेतली, इंजिन बंद केलं. बॉनेटखालून फुसफुस आणि तो गोड, उकडलेल्या औषधासारखा वास. या गाडीचं बॉनेट पाहिजे तर सरळ ९० अंशात उभं करता येतं, जर्मन माणसानं मेकॅनिकचा केलेला विचार, पण घाटात उभ्या केलेल्या मर्सिडीजचं बॉनेट असं आकाशात गेलं की ते २ वळणं खालून दिसतं. परिणामी जो तो थांबला. एक बुलेटवाला थांबला, त्यानं फोटो काढला आणि गेला. एका इनोव्हातून ४ जण उतरले, त्यातल्या एकानं मला सांगितलं की या गाड्या फार भारी असतात, यांना काही होत नाही. मी "हो" म्हटलं. शेवटी एक रिकामा पिकअप, भाजी टाकून परत वर चाललेला, त्यानं गाडी मागं लावली, उतरला, काही न बोलता वाकून बघितलं आणि बोट दाखवलं. रेडिएटरच्या वरच्या नळीचं तोंड, जिथं रबरी होज बसतो, ते प्लास्टिकचं असतं. इतकी वर्षं तापून निवून ते ठिसूळ होतं आणि एक दिवस भेगाळतं. भेग केसाएवढी, पण तिच्यातून वाफेची बारीक सुई बाहेर येत होती. काका तोपर्यंत काठी टेकत उतरले होते. ते आणि पिकअपवाला, दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभे, मी मागं पाण्याचा कॅन धरून.

तासाभरानं इंजिन निवल्यावर जे ठरलं ते असं: पाणी भरायचं, टाकीचं झाकण पूर्ण आवळायचं नाही, एक आटा सैल ठेवायचं म्हणजे आत दाब धरत नाही आणि भेगेतून कमी गळतं, एसी बंद, आणि हीटर फुल्ल. मे महिन्यात. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो ओढून घेतो आणि ती आणून टाकतो आपल्या अंगावर. ४ खिडक्या उघड्या, पायावर गरम झोत, काकीनं साडीचा पदर पाण्यात भिजवून डोक्यावर घेतलेला, आणि आम्ही ताशी तीसच्या वेगानं घाट चढतोय. पिकअपवाला कणकुंबीपर्यंत आमच्या पुढं राहिला, आरशातून बघत बघत. पैसे घेतले नाहीत. काकीनं प्रवासासाठी केलेल्या डब्यातल्या नेवऱ्या दिल्या, त्या घेतल्या. कणकुंबी ते जांबोटी हा रस्ता किती खड्ड्यांचा आहे हे जाणाऱ्याला माहीत असतं, पण इथं एक कबूल करायला पाहिजे, खड्ड्यात ही गाडी ज्या पद्धतीनं बसते आणि उठते ते माझ्या बारकीला या जन्मात जमणार नाही. आतून नुसता एक खोल धप्प असा आवाज येतो, तो पण दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा असल्यासारखा.

तर अशा अवतारात आम्ही जांबोटीला पोचलो होतो. चहाचं ते तिथं झालं.

बेळगावात उद्यमबागेत गेलो. काकांना तो भाग टिपरच्या दिवसांपासून पाठ, गिअरचे दात तुटले, शाफ्ट गेला की फोंड्याची माणसं तिथं यायची. पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, भिंतीवर गणपती आणि कॅलेंडर, आणि एक म्हातारा टर्नर, चष्म्याला मागून दोरी. त्यानं व्हर्नियर घालून तोंडाचं आतलं माप घेतलं, दोनदा घेतलं, आणि कोपऱ्यातल्या भंगारातून अ‍ॅल्युमिनियमचा एक रॉड काढला. लेथवर रॉड फिरायला लागला की अ‍ॅल्युमिनियमची साल निघते, चकचकीत, कुरळी, गरम, ती एका लांब वेटोळ्यात खाली पडत राहते, आणि दुधाळ पाण्याचा तो ओला धातूचा वास. त्यानं आतून भोक पाडलं, बाहेरून एक बारीकशी कडा ठेवली, म्हणजे नळी आत घसरून जाऊ नये, काठ पॉलिश पेपरनं मारले, आणि ती बोटाएवढी लांब बाही रेडिएटरच्या तोंडात सरकवली. इतकी बरोब्बर गेली की शेवटी हवा बाहेर पडताना हलकासा आवाज आला. वरून होज, वरून क्लिप. "पुण्याला जाऊन येशील. पण घरी गेल्यावर रेडिएटर बदल," तो म्हणाला. मजुरी सांगितली ती ऐकून मी दोनदा विचारलं. कंपनीच्या काचेच्या शोरूममध्ये तेवढ्यात गाडी धुऊन पण मिळत नाही.

हे सगळं होईपर्यंत काका लेथच्या बाजूला लोखंडी स्टुलावर बसले होते आणि त्या टर्नरशी त्यांच्या गप्पा लागल्या होत्या, कुठल्या टिपरचा प्रॉपेलर शाफ्ट कुठून वाजायचा यावर. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झालेला. टर्नरनं मान न वळवता विचारलं, "शेठ, गाडी तुमची का?"

काका म्हणाले, "मी ड्रायव्हर हो. आता गुडघ्यानं मागं बसवलाय."

मी पाना पुसत होतो. पुसतच राहिलो.

बेळगाव सोडून हायवेला लागलो आणि मग गाडीनं दाखवलं की ती कशासाठी केलेली आहे. नव्वदच्या पुढं ती जमिनीला धरून बसते, स्टिअरिंग जड होतं, आवाज कमी होतो, ऑइल प्रेशरचा काटा ३ वर जाऊन टेकतो आणि तिथंच राहतो, आणि तो ५ सिलिंडरचा लंगडा ठेका कुठं जातो कळत नाही. नव्या गाड्या सतत काहीतरी सांगत असतात, पट्टा लावा, लेन सोडली, चहा घ्या. ही काही सांगत नाही. निपाणीच्या अलीकडे वळवाची एक सर आली, तेव्हा तो एकुलता एक वायपर चालू केला. मध्यावरून निघतो, कोपऱ्याकडे जाताना लांब होतो, परत आखूड होतो, आणि असं उडी मारत मारत जवळजवळ सगळी काच पुसून काढतो. लहान पोरं एसटीच्या मागच्या खिडकीतून तो वायपर बघत होती, मी मुद्दाम जरा वेळ त्यांच्या मागंच राहिलो.

कागल गेल्यावर काका बोलायला लागले, विचारलं नसताना. आजोबांबद्दल. आजोबा शोफेर होते हे मला माहीत होतं, काळ्या-पिवळ्या मर्सिडीज टॅक्सीवर, गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षांत. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की खोटं वाटतं, मर्सिडीजची टॅक्सी, पण पोर्तुगीजांच्या वेळी गोव्यात गाड्या सरळ युरोपातून येत होत्या, खाणवाल्यांच्या दारात ऑपेल आणि मर्सिडीज असायच्या, आणि त्याच पुढं टॅक्सीत आल्या. आजोबांची १८० डी, म्हणजे आजोबांची नव्हे, मालकाची. आजोबा ती रोज पहाटे धुवायचे, खोबरेल लावून डॅशबोर्ड पुसायचे, आणि काका सांगत होते की त्या गाडीच्या मागच्या सीटवर आजोबा उभ्या आयुष्यात कधी बसले नाहीत. कुणी अडवलं नव्हतं. मालक चांगला होता, कुणाच्या लग्नाला गाडी फुकट द्यायचा. पण घरच्या लोकांना घेऊन मंगेशीला गेले तरी आजी मागं, पोरं मागं, आजोबा पुढं, आणि गाडी लावून झाली की बाहेर झाडाखाली. "ड्रायव्हरांचे ग्लास वेगळे असायचे रे," काका म्हणाले, "पाण्याच्या पिंपावर उपडे घातलेले. बाबा म्हणायचे, बरंय, आत शेठबरोबर बसलं तर चहा पिताना पण नीट बसावं लागतं." काकी म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाही." काका म्हणाले, "तू विचारलं कधी?" मग दोघं बराच वेळ त्यावरून भांडले, कोल्हापूर आलं तरी चाललंच होतं.

मी गाडी चालवत होतो आणि डोक्यात तो जांबोटीचा ग्लास परत आला. काकांनी हॉटेलवाल्याला काही सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. ड्रायव्हरला ड्रायव्हर म्हटलं, यात दुरुस्त काय करायचं? त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा सगळ्या गावाला वाटलं की आता काका मागं बसणार, ड्रायव्हर ठेवणार. त्यांनी ठेवला नाही. इतकी वर्षं स्वतः चालवली, पुढं बसून, खिडकीवर कोपर ठेवून, टिपर चालवायचे तशीच. आजोबांनी परक्याची मर्सिडीज चालवली, यांनी स्वतःची, एवढाच काय तो फरक त्यांना करायचा होता. मागच्या सीटचं त्यांना आकर्षण कधी नव्हतंच, ती गुडघ्यानं त्यांच्यावर आलेली. आणि मी, ज्यानं या घरात पहिल्यांदा टाय लावला, ज्याच्या ऑफिसच्या पार्टीत मर्सिडीजचा विषय निघाला की "आमच्या घरी पण आहे एक" असं सहज सोडून देतो, मला मात्र तो ग्लास लागला. आमच्या घराण्यात मागच्या सीटची हाव असलीच तर ती मलाच असणार. हे काही फार सुखाचं नव्हतं कळायला, ताशी शंभरनं जाताना. पण म्हणून ते वाईट वाटणं लगेच गेलं असंही नाही. आजोबांना झाडाखाली बरं वाटत होतं असं काका म्हणतात. मला तरी खात्री नाही. उपडे घातलेले ग्लास इतक्या वर्षांनी काकांना पिंपासकट आठवतात, ते काय उगाच?

पुण्याचं सांगण्यासारखं थोडं आहे. सोसायटीच्या वॉचमननं सलाम ठोकला, बेसमेंटमध्ये आजूबाजूला सगळ्या चार्जिंगला लावलेल्या गाड्या, त्यांच्यामध्ये आमची, खाली पुठ्ठा घालून, कारण तेल टिपकतं. एक शेजारी येऊन म्हणाले, "व्हिंटेज का?" काका म्हणाले, "नाही, जुनी." वास्तुशांत छान झाली. दुसऱ्या दिवशी काकांच्या हट्टापायी पिंपरीवरून जाऊन आलो, माहेर बघायला. आता मर्सिडीज तिथं होत नाहीत, २००९ पासून चाकणला होतात. कारखान्याची लांबच लांब भिंत, बाहेर उभे ट्रक, आणि उन्हानं तापलेला हायवे. काकांनी भिंत बघितली, म्हणाले, "झाडं बरीच लावलीत." बस. मी मनात काहीतरी मोठं धरून गेलो होतो.

परत येताना अ‍ॅल्युमिनियमच्या बाहीनं एक थेंब गाळला नाही. एसीनं मात्र साताऱ्याच्या पुढं मान टाकली, आणि चौथ्या दारानं विचार करणं पण सोडून दिलं. बेळगावात थांबून काकीनं कुंदा घेतला, काकांनी टर्नरला दाखवायला गाडी परत उद्यमबागेत नेली, त्यानं क्लिपला हात लावून बघितला आणि काकांच्या हातात आणखी एक बाही ठेवली, खालच्या तोंडासाठी, त्यानं आपणहून करून ठेवलेली.

आता रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं आलंय. २० वर्षांवरच्या कारची फी २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५ हजारांची १० हजार झाली, वर ग्रीन टॅक्स, वर इन्शुरन्स, वर पीयूसीवाल्याचं तोंड. मी कागदावर हिशोब मांडून काकांपुढं ठेवला, बँकेत कस्टमरपुढं ठेवतो तसा, खाली रेघ मारून, आणि शेजारी भंगाराची किंमत पण लिहिली. काकांनी कागद घडी घालून खिशात टाकला आणि विचारलं, "नवीन रेडिएटर पितळेचा करून मिळेल का रे कुठं? प्लास्टिक नको." मग स्वतःच म्हणाले, आषाढीच्या आधी करून घेऊ, म्हणजे पंढरपूरला नेता येईल.

काकी नारळ खोवत होती. म्हणाली, "मी कदंबाच्या बसनं जाणार. खिडकीजवळची सीट, आत्ताच सांगून ठेवते."

"आणि सामान?" काकांनी विचारलं.

"सामान आणा तुमच्या मर्सिडीजमधून."